चालत्या टेम्पोतले दुकान

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असेल, पण नीट पाहिले नसेल. सायकल दुरुस्तीच्या दुकानात दाराशी लोखंडी नळकांड्याचा, लाकडी मुठीचा पंप उभा असतो. त्याच्या पायथ्यावर दोन्ही पाय रोवून माणूस वर-खाली वाकत असतो. तो पंप म्हणजे मी. वयाने जुना आहे. माझा हिरवा रंग कधी उडाला ते मलाच आठवत नाही. मूठ तिसरी आहे, रबरी नळी बहुधा अकरावी. मूळचे म्हणावे असे नळकांडेच काय ते उरले आहे. पण माझ्या आयुष्यातला एक दिवस मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा आठवतो. तो दिवस सांगण्यासाठीच आज बोलतो आहे. मात्र त्याआधीचे थोडे सांगितल्याशिवाय तो तुम्हाला कळणार नाही.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथे थंडी फार होती, एवढेच लक्षात आहे. रेल्वेच्या पार्सलाच्या डब्यातून मी नांदेडला आलो आणि तिथल्या वजिराबाद भागातल्या एका दुकानात फळीवर तीन वर्षे धूळ खात बसलो. मग बाहत्तरचा दुष्काळ आला. त्या सालात कोण काय विकत घेणार? पण एके दिवशी खडीच्या धुळीने पांढरे झालेले पाय घेऊन एक माणूस दुकानात आला. त्याने मला उचलले, दोनदा दाबून पाहिले, नळीच्या तोंडावर अंगठा धरला आणि म्हणाला, "हा द्या मला."

त्यांचे नाव व्यंकटी सोनकांबळे. राहणारे नांदेडजवळच्या लोहा गावचे. पूर्वी नांदेडला एका सायकलवाल्याकडे कामाला होते. दुष्काळात ते काम सुटले आणि लोहा-माळाकोळी रस्त्याच्या दुष्काळी कामावर ते खडी फोडू लागले. तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. आठ-आठ, दहा-दहा मैलांवरून माणसे कामावर येत. ज्यांच्याकडे सायकली होत्या त्यांची चाके नव्या टोकदार खडीवर रोज फुटत. मग हाजिरी चुके, आणि कामावर खायला मिळणारी सुकडीही चुके. व्यंकटींनी आठवडाभराची मजुरी माझ्यावर घातली आणि कामाच्या जागी एका लिंबाखाली मला उभे केले. घमेल्यात थोडे गढूळ पाणी, सोल्यूशनची डबी, घासकागद, नट खोलायचे दोन पाने आणि मी. एवढेच ते दुकान.

त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी खडी फोडायला यायची. पंचशीला तिचे नाव, वय पंधरा. छपन्न साली सगळ्या वस्तीने धम्म घेतला आणि पुढच्याच वर्षी ही जन्मली, म्हणून बापाने हौसेने हे नाव ठेवले. दुपारच्या सुट्टीत इतर बाया सावली बघून आडव्या होत. ही मात्र माझ्याकडे येई आणि हवा भरू लागे. व्यंकटी तिला सांगत, "टायर बगू नको, आवाज ऐक. भरलं की ते सांगतंय."

त्या वर्षी कॅरिअरला दोन-दोन घागरी बांधून माणसे कोसावरून पाणी आणत. कोणत्या विहिरीवर कोणी पाणी भरायचे याचे नियम त्या दुष्काळातही सुटले नव्हते. हवेला मात्र तसला नियम नव्हता. पाटलाची सायकल असो की वस्तीवरच्या कुणाची, माझ्या एकाच नळीतून सगळ्यांच्या चाकात हवा जायची. या गोष्टीचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

दुष्काळ सरला तसे लोह्यात बसथांब्यापाशी व्यंकटींनी पत्र्याचे दुकान टाकले. सहा काळ्या सायकली तासाच्या भाड्याने देऊ लागले. लोक म्हणत, "व्यंकटीच्या पंपाची हवा हप्ताभर उतरत न्हाई." असे कोणी म्हटले की पंचशीला माझ्या मुठीवरून फडके फिरवायची. तिचे लग्न झाले तेही गावातच, जिनिंगमध्ये काम करणाऱ्या मारोतीशी. तो मॅट्रिक झालेला, गरीब स्वभावाचा. लग्नानंतरही ती दुकानात यायची. वाकड्या चाकाचा आटा काढून ते सरळ करण्यात तर ती बापाच्याही पुढे गेली होती.

मग दिवस पालटले. व्यंकटी तापाचे निमित्त होऊन गेले. समोरच्या बाजूला मन्मथशेटनी मोठे दुकान काढले आणि त्यात विजेवर चालणारे हवेचे यंत्र बसवले. बटण दाबले की सुर्रकन चाक भरायचे. मन्मथशेट वाईट माणूस नव्हते. येता-जाता "काय म्हणते पोरी" असे विचारायचे. पण गिऱ्हाईक तिकडे वळले ते वळले. पंचशीला दाराशी बसून रस्त्याकडे बघत राही. पुढे पुढे तिने बघणेही सोडले. भाड्याच्या सायकलींच्या सीटवर कबुतरे बसू लागली. माझ्या नळीच्या तोंडात एका कोळ्याने घर केले. मला तेल मिळेना. मित्रांनो, काम जास्त झाल्याने यंत्र झिजते असे लोक म्हणतात. मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो, काम नसले की ते जास्त लवकर सुकते.

ब्याऐंशी साली उस्मानाबाद तोडून लातूरचा नवा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या आणि मारोतीला तिथे शिपायाची नोकरी लागली. पाच महिन्यांनी तो लोह्याला आला तो टेम्पो ठरवूनच.

"पंचशीला, आता पुरं कर हे," तो म्हणाला. "म्या तिकडं खोलीत एकटा भाकरी थापून राहिलो, आन् तू हितं बसून राहिलीस. गिऱ्हाईकाचा पत्ता न्हाई."

"बापाचं दुकान हाय ते," ती म्हणाली.

"बापाचं व्हतं. बाप गेला, गिऱ्हाईक गेलं. निस्ते पत्रे उरलेत. लातूरला एका भंगारवाल्याशी बोलून ठिवलंय. सायकली आन् सगळं सामान तो घेतो म्हनला."

मारोती वाईटावर नव्हता, हे तिला कळत होते. तिलाच आतून काही उरले आहे असे वाटत नव्हते.

त्र्याऐंशी सालच्या सव्वीस जानेवारीला सकाळी आमचे सामान टेम्पोत चढले. गाद्या, डबे, पत्र्याची पेटी, गोधडीत गुंडाळलेली बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, सहा सायकली, पान्यांची पिशवी, आणि सगळ्यांत वर दोरीने आडवा बांधलेला मी. मारोती पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. संध्याकाळी कचेरीवरचा झेंडा उतरवायला त्याला हजर राहायचे होते, म्हणून त्याला घाई होती. पंचशीला मागे सामानात बसली. ड्रायव्हर धर्माबादचा नरसिंग. तिकडच्या तेलुगू रिवाजाप्रमाणे तो तिला अक्का म्हणायचा.

लोह्याच्या चौकातच पोलिसाने टेम्पो अडवला. "थांबा. सायकली येऊन राहिल्या."

नव्या जिल्ह्याचा पहिला सव्वीस जानेवारी म्हणून लातूरच्या एका क्रीडा मंडळाने नांदेड ते लातूर अशी सायकलींची शर्यत ठेवली होती. जवळपास एकशे चाळीस किलोमीटर, आणि तेही साध्या काळ्या सायकलींवर. बघता बघता नांदेडच्या बाजूने घंट्यांचा गलका आला आणि एकेचाळीस सायकली आमच्या समोरून सूं सूं करत गेल्या. कोणी कॉलेजातला, कोणी दूधवाला, कोणी पोस्टमन. छातीवर कापडाचे नंबर. मागून एक जीप, तिच्यावर कर्णा.

"अय्यो! काय पळतेत हो, अक्का!" नरसिंग खिडकीतून अर्धा बाहेर आला.

पोलिसाने आम्हाला सोडले, पण अट घातली. शर्यतीच्या पुढे कोणत्याही गाडीने जायचे नाही, मागेच राहायचे. मारोतीने कपाळाला हात लावला. अशा रीतीने, मित्रांनो, आम्ही त्या शर्यतीच्या मागे लागलो.

पहिले काही मैल पंचशीला नुसती बसून होती. मग मी पाहिले, तिची मान हळूहळू पुढे झुकली. शेवटच्या चार-पाच सायकली आमच्या समोरच होत्या. ती स्वतःशीच पुटपुटली, "त्या चौदा नंबराची चेन ढिली हाय. आन् त्या चष्मेवाल्याच्या मागच्या चाकातून हवा जाऊन राहिली."

माळाकोळीच्या अलीकडे रस्ता चढाला लागला. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. हाच तो रस्ता, जिथे तिने पंधराव्या वर्षी खडी फोडली होती. तिथेच तो चष्मेवाला खाली उतरला. चाक पार जमिनीला टेकले होते. तो नांदेडच्या एका शाळेतला मास्तर होता, नाव मार्तंड, वय चाळिशीच्या पुढचे. शर्यतीतला सगळ्यांत वयस्क तोच. बाकीचे वळणाआड गेले आणि मास्तर दगडावर बसून चष्मा पुसू लागले.

पंचशीलेने ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर थाप मारली. "थांबवा!"

मारोती मान बाहेर काढून म्हणाला, "अगं, आपण शर्यतीला निघालोत का? झेंडा हाय माझा संध्याकाळी!"

"पुढं तर जाऊ देत न्हाईत तुमाला. मग हितं थांबलं काय, तिथं थांबलं काय?"

पंचशीला पिशवी घेऊन खाली उतरली.

"राहू द्या, बाई," मास्तर म्हणाले. "आमची शर्यत संपली. मुलांना सांगून आलो होतो की लातूरपर्यंत जाईन म्हणून, तेवढेच वाईट वाटते."

"मास्तर, तुमी फकस्त सायकल उलटी धरा," ती म्हणाली.

तिने मला खाली घेतले. नळीतले कोळ्याचे घर फुंकून काढले. टायर उकलला, ट्यूब काढली, भोक सापडले, घासले, ठिगळ बसवले. नऊ-दहा मिनिटांत मी पुन्हा उभा होतो आणि किती महिन्यांनी तिचे दोन्ही पाय माझ्या पायथ्यावर पडले होते! मी करकरलो, खोकलो, पण हवा दिली. मास्तर सायकलीवर बसले आणि मागे न बघता ओरडले, "ताई, उपकार झाले!"

ती परत टेम्पोत चढली तेव्हा तिच्या गालाला काळे लागले होते. मी तिला इतक्या जवळून पूर्वी कितीदा तरी पाहिले होते. तरी तो चेहरा मी फार दिवसांनी पाहत होतो.

पण थोड्याच वेळात तिच्या कपाळावर आठी आली. पुढे आणखी एक जण बसला होता, दूधवाला, पुढच्या चाकात काटा. पुन्हा दहा मिनिटे. त्याच्या पुढे तिसरा. तोवर पहिले लोक कुठल्या कुठे गेले होते. दूधवाल्याने काकुळतीला येऊन म्हटले होते, "ताई, धा मिंटात मी लई मागं पडतो की ओ!" तेच तिला लागले होते. ती टेम्पोत बसून आमच्या त्या सहा सायकलींकडे बघत राहिली. मग एकदम पाना उचलला आणि त्यांची चाके खोलायला लागली.

मारोती आता मागे येऊन बसला होता. "हे काय करून राहिलीस?"

"सहा सायकलीची बारा चाकं. बसवायला दोन मिंटं लागतेत. ज्याचं चाक फुटंल त्याला भरलेलं चाक द्यायचं. त्याचं फुटकं चाक हितं टेम्पोत बसून नीट करायचं, ते पुढच्याला."

"आन् आपली चाकं?"

"कोणाला दिलं ते चिठ्ठीवर लिवा. लातूरला बदलून घिऊ. तुमी हापिसातले ना? लिवा की."

मारोतीने खिशातले सरकारी पेन काढले.

त्यानंतर जे झाले ते मी जन्मात विसरणार नाही. टेम्पो खड्ड्यांतून उडतो आहे, पंचशीला गादीवर बसून ट्यूब घासते आहे, आणि मारोती एका हाताने टेम्पोची कड धरून दुसऱ्या हाताने मला दाबतो आहे. मी कधी डब्यांवर आपटायचो, कधी त्याच्या गुडघ्यावर. चालत्या गाडीत हवा भरणारा पंप त्या दिवशी माझ्याशिवाय सबंध मराठवाड्यात दुसरा नसेल. नरसिंग पुढून ओरडायचा, "अक्का, डाव्या बाजूला एक बसलाय!" की टेम्पो थांबे, पंचशीला चाक घेऊन उडी मारी, जुने काढी, नवे बसवी, आणि बसलेला माणूस उठून पळू लागे. एकदा तर स्वार पाणी पिऊन होईपर्यंत चाक बसले होते.

हसता हसता ती मारोतीला म्हणाली, "एक कळलं का तुमाला? म्या दुकानात बसून म्हनत व्हते, गिऱ्हाईक येत न्हाई. येनार कसं? ज्याच्या चाकात हवाच न्हाई, त्यानं आपल्या दारापोत्तर यायचं कसं?"

मारोती पंप मारायचा थांबला. "व्हय की," तो म्हणाला. "हे आदी कामून नाही सुचलं?"

"आदी टेम्पो कुठं व्हता?"

अहमदपूरला मंडळाने दुरुस्तीची सोय केली होती. तिथे एक कारागीर अवजारे मांडून सकाळपासून बसला होता आणि त्याच्याकडे एकही सायकल आली नव्हती. ज्यांची चाके फुटली ती अहमदपूरला फुटली नव्हती ना! कर्ण्याच्या जीपमधून एक बाई उतरल्या. त्या सरोजिनीबाई, लातूरच्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या आणि शर्यतीच्या प्रमुख. त्यांनी कमरेवर हात ठेवून टेम्पोकडे पाहिले.

"माझे मागचे लोक एकेक करून गळायला हवे होते. कोणीच गळत नाही. हा काय प्रकार आहे?"

पंचशीला घाबरली. "चुकलं का काही, बाई?"

"चुकले ते आमचे," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांनी गळ्यातला मंडळाचा बिल्ला काढून तिच्या पदराला लावला. "आता तुमचा टेम्पो पुढे, मागे, कुठेही जाऊ शकतो. पोलिसांना मी सांगते. फक्त एक नियम. चाक बदला, काहीही बदला, पण ज्या सांगाड्यावर माणूस निघाला त्याच सांगाड्यावर पोचला पाहिजे."

रस्त्याकडेच्या शेतातल्या माणसांनी टेम्पोत हुरडा आणून टाकला. मारोती हुरडा खात खात चिठ्ठ्या लिहू लागला. झेंड्याचे नाव त्याने बराच वेळ काढले नव्हते.

खरा प्रसंग चाकूर ओलांडल्यावर आला. सगळ्यांच्या पुढे लातूरचा उद्धव नावाचा कॉलेजातला मुलगा होता. आम्ही पोचलो तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून आपल्याच सायकलीला लाथ मारत होता. मागचे चाक फुटले होते. मागच्या चाकांची आमच्याकडची शेवटची जोडी थोड्या वेळापूर्वीच गेली होती, बदल्यात आलेली अजून फुटकीच होती, त्यामुळे त्याचीच ट्यूब नीट करणे भाग होते. त्याच्या डोळ्यांदेखत एकेक जण पुढे निघून चालला होता.

"नऊ गेले, ताई! नऊ गेले!" तो म्हणाला.

"मोजू नको. चाक धर," ती म्हणाली.

ठिगळ झाले. तिने माझी नळी चाकाला जोडली, दांडा वर ओढला, खाली दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. फुस्स. हवाच येईना! माझ्या पोटातल्या दांड्याच्या टोकाला कातड्याची वाटीसारखी चकती असते, तिला वायसर म्हणतात. महिनोन् महिने तेल न मिळाल्याने ते सुकले होते, आणि त्या दिवशीच्या मेहनतीने फाटले. मित्रांनो, मला त्या वेळी जी लाज वाटली ती काय सांगू! सगळी भिस्त माझ्यावर, आणि मी नुसता सुस्कारे टाकतो आहे.

पंचशीलेने मला खोलले. फाटके वायसर तळहातावर घेऊन ती बघत राहिली. "कातडं पायजे. जाड," ती म्हणाली. आजूबाजूला नुसती करडईची शेते. कोणाच्या कमरेला पट्टा नाही, कोणाच्या पायात बूट नाही.

मारोतीच्या पायात मात्र नव्या कोऱ्या चपला होत्या. नोकरी लागल्यावर त्याने पहिल्यांदा ज्या गोष्टीची हौस केली, ती ही. कचेरीत कोणी त्याच्या पायांकडे पाहिले की तो थोडा ताठ व्हायचा. पंचशीलेने त्या चपलांकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली. ती मागणार नव्हती.

मारोतीने डाव्या पायातली चप्पल काढून तिच्यासमोर ठेवली. "वरचा पट्टा जाड हाय. काप."

"अवं, नवी हाय ती. संध्याकाळी झेंडा..."

"काप म्हनलं ना! पोरगं थांबलंय."

तिने कापली. वाटीसारखी गोल करून करडईच्या तेलात बुडवली. तेलाचा डबा आमच्याच सामानात होता. मग मला जोडले आणि दाबले. मी गच्च भरून श्वास घेतला. उद्धवचे चाक असे टणक झाले की त्यावर चापट मारल्यावर तबल्यासारखा आवाज आला. तो मुलगा सायकलीवर बसला तो पुढच्या वळणापर्यंत उभ्यानेच पायडल मारत गेला. मारोती एका पायात चप्पल घालून रस्त्यात उभा राहून ओरडत होता, "पळ बेट्या, पळ!"

लातूरच्या मैदानावर आम्ही पोचलो तेव्हा माणसांची ही गर्दी! उद्धव पहिला आला नाही. सहावा आला, पण चार जणांना गाठून आला, आणि तो पहिल्या आलेल्यापेक्षा जास्त हसत होता. निघालेल्या एकेचाळिसांपैकी एकोणचाळीस पोचले. सगळ्यांत शेवटी मार्तंड मास्तर आले. त्यांच्यासाठी लोकांनी अर्धा तास वाट पाहिली होती. मास्तर सायकलीवरून उतरले आणि आधी चष्मा काढला, कारण त्यातून त्यांना काही दिसेनासे झाले होते.

चिठ्ठ्या बघून ज्याची चाके त्याला परत गेली, बक्षिसे झाली. मग सरोजिनीबाई कर्ण्यावर बोलू लागल्या. "आज आपल्या शर्यतीबरोबर एक दुकान धावत होते. त्या दुकानाचे आभार मानायचे आहेत. दुकानाचे नाव काय?"

पंचशीला गर्दीत पदर तोंडाशी धरून उभी होती. तिने मान हलवली. दुकान कुठले? ते तर सकाळी उतरवून ठेवले होते. भंगारवाल्याने दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन बघतो म्हणून सांगितले होते.

तेवढ्यात मारोती पुढे गेला. साहेबासमोर तोंड न उघडणारा तो माणूस एका पायात चप्पल घालून मंचावर चढला आणि कर्ण्यासमोर वाकून म्हणाला, "पंचशीला सायकल दुरुस्ती, लातूर."

"आणि पत्ता?"

मारोती गडबडला. त्याने मैदानाच्या कडेला उभ्या टेम्पोकडे पाहिले. "पत्ता... सध्या टेम्पोतच हाय."

सगळे मैदान हसले. टाळ्या वाजल्या. नरसिंगाने टेम्पोचा भोंगा वाजवला. आणि पंचशीला, जिला गेल्या दोन वर्षांत मी हसताना फारसे पाहिले नव्हते, ती तोंडावरचा पदर काढून खळखळून हसली.

त्या संध्याकाळी मारोती झेंडा उतरवायला अनवाणी उभा राहिला. साहेबांनी विचारले, "मारोती, चप्पल?" तो म्हणाला, "साहेब, शर्यतीत गेली." साहेबांना काही कळले नाही, पण ते रागावले नाहीत.

पंचशीलेने भंगारवाल्याला परत पाठवले, पण लातुरात दुकान लावले नाही, निदान लगेच तरी नाही. तिने आधी सायकली कुठे उभ्या असतात ते पाहिले. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांसमोर सकाळी दहापासून शंभर-दीडशे सायकली सावलीत नुसत्या उभ्या असत. त्यांच्या मालकांना दुरुस्तीला वेळ नसे, कारण दुकाने दूर होती आणि कचेरी सुटेपर्यंत ती बंद होत. तिने हातगाडीवर मला आणि भरलेली आठ चाके ठेवली आणि फाटकाशी उभी राहिली. सकाळी सायकलीचे काम सांगून जायचे, संध्याकाळी ती तयार मिळायची. पहिल्या दिवशी तिघे आले. त्यात मार्तंड मास्तरांचा लातूरचा मेहुणा होता. पुढच्या महिन्यात रांग लागू लागली. बाया-मुली सायकल घेऊन दुकानात जायला संकोचत, त्या हिच्याकडे निर्धास्त येत. मारोती जेवणाच्या सुट्टीत येऊन बाही सरसावून हवा भरायचा. मन्मथशेट एकदा लातूरला आले असता मुद्दाम भेटून गेले आणि जाताना म्हणाले, "पोरी, माझं यंत्र तुझ्या मागं पळू शकत न्हाई बघ." पुढे तिचे पक्के दुकान झाले, त्यातही हवेचे यंत्र आले. तरी हातगाडी तिने सोडली नाही, आणि मला तर नाहीच नाही.

मित्रांनो, एवढी माझी हकिकत. मी साधा पंप आहे, मोठे काही शिकवण्याचा आव आणत नाही. एवढेच मागतो की तुमच्या घरात जी काही जुनी कामाची वस्तू असेल, ती नुसती जपून ठेवू नका. तिला तेल द्या, आणि तिच्याकडून काम घ्या. आम्हाला कोपऱ्यातला मान नको असतो. आणि रस्त्याने जाताना कोणी हताश होऊन बसलेले दिसले, तर आपली घाई थोडी बाजूला ठेवून एकदा थांबा. त्याला नक्की काय हवे आहे ते विचारा. पुष्कळदा ती वस्तू तुमच्याच सामानात, अगदी वर बांधलेली असते.